धुराच्या नळीचें रहस्य

मोटारसायकलीस आमच्याकडे ‘फटफटी’ हें नांव पडलें तें तिच्या आवाजावरून. आवाज आणि शक्ति ह्या दोन गोष्टी लोकांच्या मनांत तेव्हांपासूनच एकरूप झाल्या असाव्यात. सायलेन्सरची पुंगळी काढून टाकली कीं गाडी जोरांत पळते, ही तरुणांची समजूत त्यांतलीच होय. पोलीस असले सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखालीं चिरडतात, आणि त्यांत आम्हांस तरी कांहीं वावगें दिसत नाहीं. परंतु ध्वनीचा व शक्तीचा खरा संबंध ज्यानें जुळविला, त्याचें नांव ह्या गोंगाटांत कोणाच्या कानीं पडत नाहीं.

जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतांत त्शोपाऊ नांवाचें एक लहानसें गांव आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं तेथें डीकेडब्ल्यू कंपनीचा कारखाना होता. युद्धानंतर पूर्व जर्मनीच्या राजवटींत तोच पुढें एमझेड ह्या नांवानें चालूं लागला. १९५३ सालीं वाल्टर काडेन हा अभियंता तेथें शर्यतींच्या गाड्यांचें काम पाहूं लागला. देश दुभंगलेला, पैसा तुटपुंजा, आणि हातीं होतें तें टू-स्ट्रोक जातीचें एंजिन, म्हणजे स्वस्त गाड्यांपुरतेंच बरें असें पुष्कळांचें मत असलेलें.

ह्या एंजिनाचा मूळ दोष असा कीं, जळालेला धूर बाहेर जाण्याचें द्वार आणि ताजें मिश्रण आंत येण्याचीं द्वारें कांहीं क्षण एकदमच उघडीं असतात. त्यामुळें धुराबरोबर ताजें मिश्रणही निसटतें. काडेननें उपाय शोधला तो बाहेरच्या नळींत. प्रत्येक स्फोटाबरोबर नळींतून दाबाची एक लाट सुटते. आपणांस जो आवाज ऐकूं येतो तो तिचाच. नळी हळूहळू रुंद होत गेली तर ओढणारी लाट परत येते व सिलिंडरांतील धूर उपसून काढते. पुढें तीच नळी पुन्हां निमुळती केली तर ढकलणारी लाट माघारी फिरते, आणि निसटलेलें मिश्रण द्वार मिटण्यापूर्वीं आंत लोटते. अशा गाडीची नळी कापून टाकली तर आवाज वाढेल, पण माघारी येणारी लाट नाहींशी होऊन जोर उलट घटेल! फुगीर नळीची कल्पना सर्वस्वी काडेनची नव्हे. ती इतरांनींही लावून पाहिली होती. परंतु ऑसिलोस्कोपच्या साह्यानें ह्या लाटा तपासून लांबीरुंदीचें गणित बसविलें तें त्यानें. १९६१ सालीं १२५ घनसेंटीमीटरच्या एंजिनांतून त्यानें २५ अश्वशक्ति काढली. म्हणजे लिटरमागें २००.

त्याच वर्षीं ऑगस्टांत बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरांत स्वीडनमधील शर्यतीस गेलेला एमझेडचा स्वार अर्न्स्ट डेग्नर परत आलाच नाहीं. त्याच सुमारास त्याचीं बायकामुलें गुप्तपणें पश्चिमेकडे पोंचविलीं गेलीं होतीं. काडेनची विद्या घेऊन तो जपानच्या सुझुकी कंपनीस मिळाला आणि १९६२ सालीं ५० घनसेंटीमीटरच्या वर्गांत तिच्या गाडीवर जगज्जेता झाला. ह्यास चोरी म्हणणारे पुष्कळ आहेत. बायकामुलांसह मोकळा होऊं पाहणाऱ्या माणसाचा न्याय दूर बसून करणें सोपें असतें. आम्ही तो करीत नाहीं. मात्र झळ कोणास लागली तें सांगितलें पाहिजे. एमझेडनें शर्यती अनेक जिंकल्या, परंतु विश्वविजेतेपद तिला कधींच लाभलें नाहीं. काडेन आपल्या कारखान्यांतच राहिला. १९९६ सालीं तो वारला, तोंवर शर्यतींतील टू-स्ट्रोक गाड्यांच्या पोटाखालीं, मग त्या कोणत्याही देशाच्या असोत, तीच फुगीर नळी दिसूं लागली होती.