चित्ररथ : फाळके यांच्या बैलगाडीपासून शर्यतीच्या मोटारीपर्यंत

१/ ऑक्टोबर २०२२. अमेरिकेतील ऑस्टिन शहराजवळच्या धावमार्गावर फॉर्म्युला वन शर्यतीचा शुक्रवारचा सराव सुरू होता. मॅक्लारेन संघाच्या मोटारींवर, चालकाच्या आसनाच्या दोन्ही बाजूंना, लहान आणि लवचीक पटले बसवलेली होती. मोटार धावत असतानाच त्यांवरील जाहिरात बदलत होती. फॉर्म्युला वन मोटारीचे अंग प्रथमच पडद्यासारखे वापरले जात होते.

या घटनेची पाळेमुळे शोधू लागले की वाट नाशिकवरून जाते. (थ्रेड)

२/ मराठीत या कल्पनेसाठी शब्द तयारच आहे : चित्ररथ. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनातील देखाव्यांना आपण चित्ररथ म्हणतो. सरकारी योजनांची माहिती देत तालुक्यातून फिरणाऱ्या, पडदा लावलेल्या गाडीलाही चित्ररथच म्हणतो. चित्र आणि वाहन एकत्र आले की दोन प्रश्न उभे राहतात. पहिला तंत्राचा : धावत्या वस्तूवर चित्र दिसणार कसे? दुसरा पैशाचा : त्या चित्राचा खर्च कोण उचलतो आणि कशासाठी?

३/ आधी तंत्राचा प्रश्न. मोटारीवर प्रक्षेपकातून थेट चलच्चित्र का टाकता येत नाही? साधा हिशेब करून पाहावा. भर दुपारच्या उन्हाची तीव्रता सुमारे १ लाख लक्स असते. २०,००० ल्युमेनचा मोठा प्रक्षेपक १० चौरस मीटर पृष्ठभागावर रोखला, तर तेथे २,००० लक्स प्रकाश पडतो. म्हणजे उन्हाच्या अवघा २ टक्के. चित्र उन्हात विरघळून जाते.

४/ दुसरी अडचण वेगाची. ताशी ३०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे ८३ मीटर पुढे जाते. सेकंदाला २४ चित्रे दाखवायची म्हटली, तर एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत मोटार साडेतीन मीटर सरकलेली असते. प्रक्षेपकाचा झोत तितक्याच अचूकपणे तिच्यामागे फिरला नाही, तर चित्र मोटारीऐवजी डांबरावर पडते. शिवाय मोटारीचे अंग वक्र आणि चकचकीत असते. प्रक्षेपणाला हवा असतो सपाट, पांढरा आणि स्थिर पडदा.

५/ आणि मुख्य म्हणजे हवा असतो अंधार. ही अट सिनेमाइतकीच जुनी, किंबहुना त्याहूनही जुनी आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’चे प्रयोग सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर मोठी दिसत आणि चित्रे सरकवून हालचालीचा भास निर्माण केला जाई. ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली ती चार वर्षांनी, ७ जुलै १८९६ रोजी.

६/ पटवर्धन आपला खेळ घेऊन गावोगाव जात. चलच्चित्राने महाराष्ट्रात पाय रोवण्याच्या आधीच चित्र प्रवासाला निघाले होते, हे येथे लक्षात घ्यावे. कीर्तनकार, चित्रकथी, तमासगीर हे सारे प्रेक्षकाकडे जात आले होते. दिव्याचा खेळ त्याच वाटेने निघाला.

७/ आता नाशिक. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी फाळके यांनी आपले बिऱ्हाड व कारखाना नाशिकला हलवला. १९१८ मध्ये मुंबईतील भागीदारांच्या भांडवलावर तेथे हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली.

८/ त्या काळी चित्रण सूर्यप्रकाशात होई. चित्र घेण्यासाठी ऊन आणि चित्र दाखवण्यासाठी काळोख : फाळके यांचा सारा व्यवसाय या दोन टोकांमध्ये चाले. काळोख मुंबईच्या चित्रगृहात विकत मिळत होता. खेड्यात मात्र सूर्य मावळण्याची वाट पाहावी लागे. फाळके स्वतः प्रक्षेपक, पडदा आणि चित्रपटाची रिळे बैलगाडीत घालून गावोगाव खेळ करीत हिंडले.

९/ बैलगाडीत चित्र होते, पण ते डब्यात बंद होते. गाडीच्या अंगावर काहीही दिसत नव्हते. गाव गोळा व्हायचे, पडदा ताणला जायचा, आणेवारीने पैसे जमा व्हायचे आणि मग चित्र हलायचे. या व्यवहारात ग्राहक एकच होता : प्रेक्षक. त्याने पैसे दिले आणि त्या बदल्यात चित्र पाहिले. हिशेब तेथेच मिटला.

१०/ फाळके यांना जाहिरातीचे वावडे होते असे मात्र नव्हे. सुरतेत ‘राजा हरिश्चंद्र’ला गर्दी होईना, तेव्हा त्यांनी दिलेली जाहिरात प्रसिद्ध आहे. ५७,००० छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ अवघ्या तीन आण्यांत, असा तिचा आशय होता. नाटके रात्रभर चालत असताना तासाभराच्या खेळाला पैसे कोण देणार, ही तक्रार त्यांनी लांबीच्या आकड्याने परतवली.

११/ हा आकडा तपासून पाहण्यासारखा आहे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे बसतात. ५७,००० भागिले १६ म्हणजे सुमारे ३,५६० फूट, आणि ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. तेव्हा छायाचित्रांची संख्या बऱ्यापैकी खरी ठरते. पण दोन मैल म्हणजे १०,५६० फूट! एकाच वाक्यात एक आकडा हिशेबाचा आणि दुसरा तिप्पट फुगवलेला. भारतीय सिनेमाच्या पहिल्या वर्षातच जाहिरातीची भाषा पूर्ण घडलेली दिसते.

१२/ बैलगाडीची जागा पुढे मालमोटारीने घेतली आणि तंबूतला सिनेमा जन्मला. दिवाळीनंतर जत्रांचा हंगाम सुरू झाला की फिरत्या टॉकीजच्या गाड्या महाराष्ट्रभर निघत आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतत. पुष्कळदा प्रक्षेपक गाडीच्या हौद्यातच पक्का बसवलेला असे. गाडी तंबूला पाठ लावून उभी राही आणि तिच्या पोटातून निघालेला झोत समोरच्या कापडी पडद्यावर पडे.

१३/ याच गाडीचे दिवसाचे रूप निराळे होते. दोन्ही बाजूंना रंगीत पोस्टर, टपावर कर्णा, आणि आत बसून आजच्या खेळाची वर्णने करणारा निवेदक. दिवसा गाडीचे अंग जाहिरात आणि रात्री गाडीचे पोट प्रक्षेपणगृह. दिवसा अंधार नाही म्हणून चित्र स्थिर आणि गाडी हलती. रात्री गाडी स्थिर आणि चित्र हलते. दोन्ही एकाच वेळी हलवणे कोणालाच जमले नव्हते. या व्यवसायाचा उत्तरकाळ शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात टिपला आहे. तो २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला.

१४/ तंबूशेजारीच दुसरी एक गाडी येऊ लागली होती. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले. १९५३ मध्ये पंचवार्षिक योजनेच्या प्रचारासाठी केंद्र सरकारची क्षेत्रीय प्रसिद्धी यंत्रणा सुरू झाली. तिच्या गाड्या खेड्यात जाऊन माहितीपट दाखवत. येथे तिकीट नव्हते. खर्च सरकारचा आणि त्या बदल्यात प्रेक्षकाने द्यायचे ते फक्त लक्ष.

१५/ बदल किरकोळ वाटतो, पण व्यवहाराची बाजू येथेच उलटली. फाळके यांच्या बैलगाडीपुढे बसलेला माणूस ग्राहक होता. प्रचाराच्या गाडीपुढे बसलेल्या माणसाचे लक्ष हेच आता खरेदीचे उद्दिष्ट झाले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस निवडणुकीत ‘व्हिडिओ रथ’ फिरू लागले. साबण, चहा, दंतमंजन विकणाऱ्या कंपन्यांनीही तशाच गाड्या बाजाराच्या दिवशी गावात उभ्या केल्या. पुढे एलईडी पडदे आले आणि अंधाराची अट सुटली. चित्र भर दिवसा गाडीच्या अंगावर आले.

१६/ शर्यतीच्या मोटारीनेही जवळपास हीच वाट चालली. पूर्वी या मोटारी देशाच्या रंगात धावत : ब्रिटनचा हिरवा, इटलीचा लाल, फ्रान्सचा निळा. १ जानेवारी १९६८ च्या दक्षिण आफ्रिकेतील शर्यतीत ‘टीम गन्स्टन’च्या मोटारी सिगारेटच्या रंगात उतरल्या. त्याच वर्षी लोटस संघाने हिरवा रंग सोडून ‘गोल्ड लीफ’ सिगारेटचा लाल, पांढरा, सोनेरी वेष घेतला. देशाचा रंग उतरला आणि जागा भाड्याने गेली.

१७/ एकदा जागा भाड्याची झाली की ती आणखी लहान तुकड्यांत विकण्याची इच्छा स्वाभाविकच होती. रंगवलेली जाहिरात हंगामभर एकाचीच राहते. बदलणारी जाहिरात मिनिटामिनिटाने वेगळ्या ग्राहकाला विकता येते. अडचण उरली होती ती उन्हाची आणि वजनाची. शर्यतीच्या मोटारीत शंभर ग्रॅमही मोजून वापरतात, तेथे जड पडदा कोण लावणार?

१८/ उपाय मिळाला तो प्रक्षेपणाच्या उलट दिशेने. जानेवारी २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूने ‘आयएक्स फ्लो’ ही प्रायोगिक मोटार दाखवली. तिच्या अंगावर ई-पेपरचे आवरण होते. त्यात सूक्ष्म कुप्यांमध्ये पांढरे आणि काळे विद्युतभारित कण असतात. विद्युतदाब बदलला की पांढरे किंवा काळे कण वर येतात आणि मोटारीचा रंग बदलतो. असे पटल स्वतः प्रकाश टाकत नाही. पडलेला प्रकाश कागदासारखा परतवते. त्यामुळे ऊन जितके प्रखर, तितके चित्र स्पष्ट.

१९/ म्हणजे पटवर्धन आणि फाळके यांना जी अट मोडता आली नाही, ती दिवा अधिक तेजस्वी करून मोडली गेली नाही. दिवाच काढून टाकल्यावर ती मोडली. उन्हात टिकणारे चित्र अखेर छापील पानाच्या तत्त्वावर आले. छापखान्याच्या धंद्यातून सिनेमाकडे वळलेल्या फाळके यांना ही गोष्ट समजावून सांगण्यास फार वेळ लागला नसता.

२०/ पैशाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. तो अधिक गुंतागुंतीचा झाला आहे. शर्यतीचा प्रेक्षक तिकीट काढतो किंवा वाहिनीचे शुल्क भरतो. त्याच वेळी त्याची नजर जाहिरातदाराला विकली जाते. बैलगाडीसमोरचा ग्राहक आणि प्रचाराच्या गाडीसमोरचे लक्ष्य, या दोन्ही भूमिका आता एकाच माणसाकडे आल्या आहेत.

२१/ वाहनावरील चित्र सर्वांच्या नजरेसमोर येते, म्हणून ते सर्वांचे असते असा समज सहज होतो. नाशिकच्या इतिहासात या समजाला धक्का देणारा एक दिवस आहे. काळाराम मंदिराचा रामरथ आणि गरुडरथ चैत्रातील कामदा एकादशीला शहरातून ओढले जातात. देव स्वतः रस्त्यावर येतो. दर्शनाला तिकीट नाही.

२२/ २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. भाऊराव कृष्णाजी गायकवाड हे त्यातील प्रमुख कार्यकर्ते होते. एप्रिलमध्ये रथ निघण्याच्या वेळी, तो स्पृश्य आणि अस्पृश्य दोघांनी मिळून ओढावा असे ठरले. प्रत्यक्षात सत्याग्रहींचे हात दोरीला लागण्याआधीच रथ पुढे पळवला गेला आणि दगडफेक झाली. रथ दिसत होता सर्वांना. दोरी मात्र सर्वांची नव्हती.

२३/ देवाचा रथ आणि जाहिरातीची मोटार यांची तुलना येथे करायची नाही. तो प्रश्न माणसाच्या प्रतिष्ठेचा होता. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात हे त्या दिवसाने पक्के शिकवले : पाहण्याची मुभा आणि वाहनावरील हक्क. चित्र जितके रस्त्यावर येते, तितका दुसरा प्रश्न नजरेआड होतो.

२४/ तो प्रश्न फाळके यांनाही चुकला नाही. भागीदारांशी मतभेद होऊन ते कंपनीतून बाहेर पडले, काशीला गेले, काही काळाने परतले. नाशिकच्या कारखान्यात चित्र त्यांचे होते, भांडवल दुसऱ्यांचे. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले. आज पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे.

२५/ मुंबई-आग्रा महामार्गावरून त्या स्मारकाजवळून जाताना शेजारून एखादा चित्ररथ जातो. पडद्यावर काय चालले आहे ते प्रत्येकाला दिसते. गाडी कोणाची, पडद्याचे भाडे कोणी दिले आणि त्या बदल्यात रस्त्यावरच्या माणसाकडून काय घेतले, हे त्यावर लिहिलेले नसते. ते विचारावे लागते.