पॅड, कापड, टॅम्पॉन की कप? निवडीचे सूत्र दिनक्रमात

मासिक पाळीच्या दिवसांत काय वापरावे, हा प्रश्न दोन पिढ्यांपूर्वी बहुतेक घरांत उद्भवतच नसे. जुन्या सुती लुगड्याच्या घड्या हेच त्याचे एकमेव उत्तर होते. आज औषधाच्या दुकानात पॅडचे अनेक प्रकार मिळतात; टॅम्पॉन, मेन्स्ट्रुअल कप आणि पीरियड पँटीही सहज उपलब्ध आहेत. पर्याय वाढले, पण निवड कशी करावी याची चर्चा मात्र वाढली नाही. आईने जे वापरले ते मुलगी वापरते, किंवा जाहिरातीत जे दिसते ते दुकानदार वर्तमानपत्रात गुंडाळून हाती ठेवतो. यातून होणारी गैरसोय, पुरळ, जंतुसंसर्ग आणि शाळेला किंवा कामाला पडणारी सुटी हे सारे स्त्रिया निमूटपणे सोसत राहतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते २४ वयोगटातील ७७.३ टक्के मुली व स्त्रिया पाळीच्या काळात स्वच्छ समजली जाणारी साधने वापरत होत्या. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण ५७.६ टक्के होते. याच पाचव्या फेरीत सुमारे ६४ टक्के जणींनी सॅनिटरी नॅपकिन, तर ५० टक्के जणींनी कापड वापरत असल्याचे सांगितले. दोन्हींची बेरीज शंभराच्या वर जाते, कारण अनेक जणी दोन्ही वापरतात. बाहेर जाताना पॅड आणि घरी कापड, ही विभागणी स्त्रियांनी अनुभवातून स्वतःच शोधून काढलेली आहे. निवडीचे खरे सूत्रही त्यातच आहे.

आधी चार प्रश्न

कोणतेही साधन निवडण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात. पहिली, घराबाहेर सलग किती तास राहावे लागते आणि तेवढ्या काळात बंद दाराचे स्वच्छतागृह मिळते का? दुसरी, हात धुण्यास आणि साधन धुण्यास पुरेसे पाणी आहे का? तिसरी, धुतलेले साधन उन्हात वाळवता येते का? चौथी, वापरलेले साधन टाकण्याची व्यवस्था आहे का? रक्तस्राव किती होतो आणि खर्च किती परवडतो, हे प्रश्न त्यानंतरचे. एकीसाठी सर्वांत सोयीचे असलेले साधन दुसरीसाठी त्रासदायक ठरते, ते बहुधा या चार उत्तरांतील फरकामुळे.

एका पाळीत साधारणतः ३० ते ४० मिलिलिटर रक्तस्राव होतो. ८० मिलिलिटरपेक्षा अधिक स्राव वैद्यकीयदृष्ट्या अतिस्राव मानला जातो. पहिले दोन दिवस स्राव अधिक व नंतर कमी असतो. म्हणूनच पाचही दिवस एकच साधन वापरण्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही.

सॅनिटरी पॅड

वापरण्यास सर्वांत सोपे, शिकण्याची गरज नाही आणि पाणी कमी असले तरी चालते, हे पॅडचे मोठे फायदे. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींसाठी ते म्हणूनच सोयीचे ठरते. पॅडच्या आत लाकडाच्या लगद्यापासून केलेला कापूससदृश थर आणि द्रव शोषून त्याचे जेल करणारे रसायन असते. खालचा थर प्लॅस्टिकचा असतो. वरचा थर दोन प्रकारचा मिळतो. जाळीदार प्लॅस्टिकचा थर कोरडा वाटतो, परंतु घाम व घर्षण यांमुळे काही जणींना मांड्यांच्या सांध्यात पुरळ उठते. अशांनी सुती किंवा मऊ आवरणाचे पॅड घ्यावे. सुगंधी पॅड टाळलेले बरे, कारण सुगंधासाठी वापरलेल्या द्रव्यांनी त्वचेची आग होऊ शकते.

पॅड भरले नसले तरी चार ते सहा तासांनी बदलणे आवश्यक आहे. ‘दिवसभर टिकते’ ही पॅडची क्षमता झाली, त्वचेची नव्हे. खरेदी करताना पाकिटावर उत्पादनाची तारीख पाहावी. सॅनिटरी नॅपकिनसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस ५४०५ हे मानक असून त्याची सुधारित आवृत्ती २०१९ मध्ये आली.

कापडी घड्या आणि कापडी पॅड

कापड म्हणजे अस्वच्छ, हा समज जाहिरातींनी रुजवला. दोष कापडाचा नसतो. ते लपवून, अंधारात, ओलसर अवस्थेत वाळवण्याच्या सक्तीचा असतो. स्वच्छ धुतलेले व कडक उन्हात वाळलेले सुती कापड सुरक्षित असते, त्वचेला मऊ लागते आणि कचराही करत नाही. बटणाने अंतर्वस्त्रावर बसणारे शिवलेले कापडी पॅड हे त्याचेच सुधारित रूप. पुन्हा वापरता येणाऱ्या पॅडसाठी व पीरियड पँटीसाठी भारतीय मानक ब्युरोने आयएस १७५१४ हे स्वतंत्र मानक २०२१ साली आणले.

कापड आधी थंड पाण्यात भिजवावे. गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का होतो. नंतर साबणाने धुऊन उघड्यावर, उन्हात वाळवावे. दोरीवर दुसऱ्या कपड्याखाली झाकलेले कापड आतून ओले राहते आणि त्यात जंतू वाढतात. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. त्या काळात कापड पूर्ण वाळवून वर इस्त्री फिरवावी. तेही शक्य नसेल तर पावसाळ्यापुरते पॅड वापरावे. स्वच्छ, कोरड्या पिशवीत ठेवलेल्या घड्या पुढच्या पाळीला वापरण्यापूर्वी उघडून पाहाव्यात. वास येणारे, कडक झालेले किंवा बुरशीचे ठिपके पडलेले कापड टाकून द्यावे. एकच घडी दोघींनी वापरू नये.

टॅम्पॉन

टॅम्पॉन म्हणजे योनिमार्गात ठेवण्याची कापसाची किंवा रेयॉनची छोटी वळकटी. पोहणाऱ्या, धावणाऱ्या खेळाडूंना ती उपयुक्त ठरते. मात्र येथे वेळेचे भान सर्वाधिक महत्त्वाचे. १९८० साली अमेरिकेत अतिशोषक टॅम्पॉन वापरणाऱ्या अनेक स्त्रियांना ‘टॉक्सिक शॉक सिंड्रोम’ हा गंभीर विकार झाला, काहींचा मृत्यू ओढवला आणि एक उत्पादन बाजारातून मागे घेण्यात आले. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूच्या विषामुळे होणारा हा विकार आज विरळा असला, तरी दक्षता आवश्यक आहे. टॅम्पॉन चार ते आठ तासांत बदलावा, आठ तासांपेक्षा जास्त कधीही ठेवू नये आणि स्रावाला पुरेल इतक्याच, म्हणजे कमीत कमी शोषणक्षमतेचा घ्यावा. एकाएकी तीव्र ताप, उलट्या, चक्कर, अंगावर उन्हाने भाजल्यासारखे लाल चट्टे अशी लक्षणे दिसल्यास टॅम्पॉन तत्काळ काढून रुग्णालय गाठावे.

मेन्स्ट्रुअल कप

कप नवा वाटला तरी त्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील लिओना चाल्मर्स यांनी १९३७ मध्येच रबरी कपाचे पेटंट घेतले होते. आजचे कप बहुधा वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचे असतात. कप स्राव शोषून घेत नाही, साठवतो. त्यात सामान्यतः २० ते ३० मिलिलिटर द्रव मावतो आणि उत्पादकाच्या सूचनेनुसार तो १२ तासांपर्यंत ठेवता येतो. चांगली निगा राखल्यास एक कप अनेक वर्षे चालतो.

‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकाने २०१९ मध्ये कपाविषयीच्या ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. गळतीच्या बाबतीत कप पॅड व टॅम्पॉनच्या बरोबरीचा किंवा अधिक चांगला ठरल्याचे त्यात आढळले. प्रयोगात सहभागी झालेल्या सुमारे ७० टक्के स्त्रियांनी तो पुढेही वापरण्याची इच्छा दर्शवली. मात्र सवय होण्यास दोन ते पाच पाळ्या जातात, हेही संशोधकांनी नोंदवले. पहिल्याच महिन्यात जमले नाही म्हणून कप कपाटात टाकून देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

हात साबणाने धुऊन, कप घडी करून आत सरकवावा व तो पूर्ण उघडल्याची खात्री करावी. काढताना केवळ दांडी ओढू नये. बूड चिमटीत दाबून आधी हवेची पकड सोडवावी, मग हळूच बाहेर घ्यावा. पाळी संपल्यावर कप पाच मिनिटे पाण्यात उकळावा. त्यासाठी स्वयंपाकाच्या भांड्यांहून वेगळे लहान पातेले ठेवल्यास घरातील कुरबुरही टळते. तांबी बसवलेल्या स्त्रियांनी कप वापरण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, कारण कप ओढताना तांबी सरकू शकते.

अविवाहित मुलींनी कप किंवा टॅम्पॉन वापरू नये, असे घरातील वडीलधारी मंडळी सांगतात. त्यामागे कौमार्याची कल्पना असते. योनिपटलाच्या स्थितीवरून कौमार्य ठरवता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. तथापि जिला ते वापरताना भीती किंवा वेदना वाटते, तिच्यावर कोणी ते लादूही नये.

पीरियड पँटी

शोषक थर शिवलेले हे अंतर्वस्त्र धुऊन पुन्हा वापरता येते. रात्री, कमी स्रावाच्या दिवशी किंवा कपासोबत जोड म्हणून ते सोयीचे. जाड थरामुळे वाळण्यास वेळ लागतो, ही त्याची मर्यादा.

परिस्थिती तशी निवड

कर्जत किंवा विरारहून लोकलने मुंबईत कामाला येणाऱ्या आणि दहा-बारा तास घराबाहेर राहणाऱ्या स्त्रीला कप सोयीचा ठरू शकतो. मात्र तो सुटीच्या दिवशी घरी वापरून आधी सवय करावी. वसतिगृहातील मुलीला, जेथे दोरीवर सर्वांसमोर कपडे वाळवावे लागतात, तेथे पॅड बरे. गृहिणीला, जिच्याकडे पाणी आणि ऊन दोन्ही आहे, कापडी पॅड स्वस्त व सुखद. एसटीच्या लांब प्रवासात पॅड बदलण्याची संधी मिळेलच असे नाही. तेव्हा निघण्यापूर्वी नवे पॅड, सोबत एक जादा पॅड आणि जुने गुंडाळण्यासाठी कागद असावा.

सर्वांत बिकट स्थिती आहे ऊसतोड कामगार स्त्रियांची. गळीत हंगामात फडालगतच्या कोपीत राहताना ना स्वच्छतागृह, ना पुरेसे पाणी, ना विश्रांती. पाळीमुळे कामावर न गेल्यास ‘खाडा’ पडून पैसे कापले जातात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीसमोर बीड जिल्ह्यातील पाहणीची जी आकडेवारी आली, तीनुसार ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. अशा ठिकाणी केवळ मोफत पॅडचे पाकीट देऊन प्रश्न सुटत नाही. ते बदलण्यास आडोसा, हात धुण्यास पाणी आणि तक्रार ऐकण्यास डॉक्टर असल्याखेरीज कोणतेही साधन स्वच्छ राहत नाही.

साधनासोबत प्रशिक्षणही लागते. केरळमधील कुंबलंगी हे गाव जानेवारी २०२२ मध्ये ‘सॅनिटरी नॅपकिनमुक्त’ म्हणून घोषित झाले, तेव्हा तेथे कपांच्या वाटपाला प्रशिक्षणाची जोड देण्यात आली होती.

खर्चाचे गणित

दिवसाला चार याप्रमाणे पाच दिवसांत २० पॅड लागतात. २८ दिवसांच्या चक्राने वर्षात १३ पाळ्या, म्हणजे २६० पॅड. एक पॅड ७ रुपयांचे धरल्यास वर्षाला १,८२० रुपये होतात. जनऔषधी केंद्रांतील ‘सुविधा’ पॅडचा दर ऑगस्ट २०१९ मध्ये नगास एक रुपया करण्यात आला. त्या दराने हाच खर्च २६० रुपये येतो. सॅनिटरी नॅपकिनवरील १२ टक्के जीएसटी जुलै २०१८ मध्ये रद्द झाला. कपासाठी एकदाच काही शे रुपये मोजावे लागतात, परंतु पुढची काही वर्षे खर्च नसतो.

टाकायचे कोठे?

पॅड शौचालयात टाकल्यास नळ तुंबतात. उघड्यावर किंवा चुलीत जाळल्यास प्लॅस्टिकचा विषारी धूर होतो. वापरलेले पॅड कागदात वा उत्पादकाने दिलेल्या पिशवीत गुंडाळून वेगळे द्यावे, असे बंधन घनकचरा व्यवस्थापन नियमांनी २०१६ मध्येच घातले. पुण्यातील कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने असे पुडके ओळखता यावे म्हणून त्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीम राबवली. कचरा हाताने वेगळा करणारी व्यक्तीही बहुधा स्त्रीच असते, हे विसरता कामा नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, स्राव सात दिवसांपेक्षा अधिक लांबत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, दुर्गंधीयुक्त पांढरा स्राव, खाज किंवा ताप असेल, तर साधन बदलून भागणार नाही. देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आढळले. अशा देशात अतिस्रावाकडे ‘बायकांचे असतेच’ म्हणून दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे. पाळीची तारीख, दिवस आणि लागलेल्या पॅडची संख्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवल्यास डॉक्टरांना निदान करणे सोपे जाते. किती स्राव होतो आणि त्यासाठी कोणते साधन पुरेल, याचा अंदाज त्याच नोंदीवरून घरच्या घरीही बांधता येतो.