नांगर, निवडुंग आणि दहा हजार रुपये

नव्या उद्योजकाला मदत म्हटलं की आपण थेट फंडिंगवर येतो. आज जरा मागे, 1910 सालात जाऊ.

लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात लोखंडी नांगर बनवायचे. पहिले नांगर विकायलाच दोन वर्षं गेली, कारण लोखंडाने जमिनीत विष भिनतं असा शेतकऱ्यांचा समज. म्हणजे प्रॉडक्ट तयार, पण घ्यायला कुणी नाही. आम्हा कोड लिहिणाऱ्यांना हे फार ओळखीचं! कुठे जम बसतोय, तोच नगरपालिकेमुळे कारखान्याची जागा गेली.

तेव्हा औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. दहा हजार रुपये दिले, तेही बिनव्याजी. शिवाय कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळ. निवडुंगाने भरलेला, पण रेल्वेजवळ. मला विचाराल तर पैशापेक्षा ते स्टेशन मोठं. नांगर म्हणजे जड माल. लोखंड, कोळसा आणायचा, तयार नांगर गावोगाव पाठवायचे. नुसत्या बैलगाडीवर हे किती दिवस निभलं असतं? त्या माळावरच किर्लोस्करवाडी उभी राहिली.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तर कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या.

पण दोन्ही वेळा मदत आली ती राजाच्या मर्जीने, हेही खरं. दरबारात ओळख नसलेल्याने जायचं कुठे? प्लॉट, रस्ता, पाणी सरकारनेच पुरवायचं म्हणून एमआयडीसी आली, ती थेट 1962 साली.