चाल आणि देणे

गाण्याने पोट भरत नाही, असे आमच्या युनियनमधील जुने कार्यकर्ते म्हणत. ते अर्धेच खरे. हक्कासाठी उठण्याआधी माणसांना एकत्र बसवावे लागते, आणि ते काम गाणे करते.

१९४४ साली मुंबईत अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. गिरणीत राबणाऱ्या सातारकराच्या कानात ढोलकी होती. वाटेगावच्या अण्णाभाऊंनी त्याचाच तमाशा हाती घेतला. गणात गणपतीऐवजी मायभूमीला व शिवछत्रपतींना वंदन केले; वगात राजाच्या जागी शेटजी आणले. ढोलकी तीच राहिली.

पुढे विलायतेतही असेच घडले. पंकच्या बंडातून आलेला पॉल वेलर १९८२ साली आपला गाजलेला 'जॅम' हा संच मोडून सोल संगीताकडे वळला. हे संगीत अमेरिकेतील काळ्या लोकांचे, त्यांच्या चर्चमधील भजनांतून निघालेले. १९८४ च्या डिसेंबरात, खाणकामगारांचा संप चालू असता, त्याने जिमी रफिन या काळ्या अमेरिकन गायकाला सोबत घेऊन 'सोल डीप' ही तबकडी संपकऱ्यांच्या मदतीसाठी काढली.

फरक एवढाच, की वेलरची चाल परक्यांकडून घेतलेली, अण्णाभाऊंची घरची. पण दोन्हीकडे चाल जपली ती समाजाने दूर लोटलेल्यांनी. आमच्याकडे तर त्यांचे घर वेशीबाहेर. आमच्या सभा त्या ढोलकीवर भरल्या. ढोलकीवाल्याला व्यासपीठावर खुर्ची किती वेळा दिली? हे देणे आमच्याकडे अजून बाकी आहे.