नाताळाची रुजवण

गोव्यात ३ डिसेंबरचे फ्रान्सिस झेवियरचे फेस्त आटोपले की ख्रिस्ती घरांतून नाताळाची चाहूल लागते. भिंतींना चुना लागतो. कागदी चांदणीच्या, म्हणजे कोकणीतील नखेत्राच्या, कांबी तपासल्या जातात. येशुजन्माचा गोठा कोठे मांडायचा ते ठरते. गोठ्यात हिरवळ दिसावी म्हणून कित्येक घरी नाचणी, गहू किंवा भात परडीत आधीच पेरून ठेवतात. पंचविसाव्या तारखेस कोंब बोटभर वर यावयाचे असतील तर पेरणी निदान दहाबारा दिवस अगोदर झाली पाहिजे. तिला ऊन किती द्यावे, पाणी केव्हा शिंपडावे, हे शेजारच्या हिंदू घरातील आजीला कोणी शिकवावे लागत नाही. नवरात्रात देवापुढे रुजवण घालण्यात तिची हयात गेलेली असते. नखेत्राचेही तसेच. दिवाळीला ज्याने आकाशकंदील बांधला त्याच्या बोटांना बांबूची कांब वाकविण्याचा आणि खळीने कागद चिकटविण्याचा सराव असतोच. तेव्हा सण पंधरवड्यावर असताना असा एखादा मुलगा ख्रिस्ती शेजाऱ्याच्या बलकांवावर कात्री घेऊन बसलेला दिसला, तर गोमंतकीयाला त्याचे नवल वाटत नाही.

नवल वाटत नाही, परंतु प्रश्न मात्र पडतो, आणि तो आपल्या देवस्थानांच्या महाजनांतून अधूनमधून बोलूनही दाखविला जातो. कुशस्थळीचा मंगेश, केळोशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा ही दैवते ज्यांच्या पूर्वजांनी जीव मुठीत धरून जुवारीपलीकडे अंत्रुजात नेली, त्यांच्या वंशजांनी नाताळाची आरास करू लागावी काय? प्रश्न उथळ नाही. ज्या समाजाने प्रियोळ, कवळे आणि म्हार्दोळ येथे नव्याने देवळे उभारली त्याने आपली हकीकत विसरावी, असे मी म्हणणार नाही. पण कैफियत पुरी वाचल्यावाचून निकाल देऊ नये, हा आमच्या व्यवसायाचा पहिला धडा आहे. या प्रकरणाची कागदपत्रे भरपूर आहेत, आणि ती मोठी बोलकी आहेत.

सर्वांत जुना कागद पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याच्या नावचा. ८ मार्च १५४६ ही तारीख असलेल्या, गव्हर्नर जुआंव द काश्त्रु याला लिहिलेल्या या पत्रात मूर्तिभंजनाच्या आणि हिंदूंचे सण बंद पाडण्याच्या आज्ञा आहेत, हे सर्वांस ठाऊक असते. त्याच पत्रातील दुसऱ्या एका तक्रारीकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. हिंदू चितारी येशूची, मेरीची आणि संतांची चित्रे रंगवितात व ती दारोदार विकतात, हे बंद व्हावे, असे तीत म्हटले आहे. कायद्याच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते की, जे कोणी करीतच नाही त्याला मनाई करण्याचे श्रम सरकार घेत नसते. अल्बुकेर्कने १५१० साली गोवा जिंकले. त्यानंतर पुरती चाळीस वर्षेही लोटली नव्हती, तोच ख्रिस्ती घराची भिंत हिंदू हाताने सजू लागली होती, आणि त्याची कुरकूर लिस्बनच्या दरबारापर्यंत पोहोचली होती! १५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या धर्मप्रांतीय परिषदेने हाच निर्बंध अधिक आवळला. उपासनेच्या वस्तू, मग ती चित्रे असोत की सोनारकाम, ख्रिस्तेतरांकडून करवून घेऊ नयेत असे तिने ठरविले. एकच मनाई पुनःपुन्हा करावी लागते, याचा अर्थ ती पाळली जात नव्हती एवढाच. कारागिरीला जात होती, घराणे होते, पण धर्माची हद्द तिने फारशी मानलेली दिसत नाही. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या इगर्जीत झेवियरची रुप्याची पेटी आहे. ती १६३७ च्या सुमारास गोव्याच्याच रुपेकारांनी घडविली, आणि तिच्यावरील नक्षीत पाश्चात्त्य धाटणी व देशी हात दोन्ही सहज ओळखू येतात.

पुढचा कागद १७३६ सालचा, इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्याचा. प्रा. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या इन्क्विझिशनवरील इंग्रजी ग्रंथामुळे तो आपल्या वाचकांना अपरिचित नाही. लग्नात ओव्या गाऊ नयेत. सोयऱ्यांकडे विडे, सुपारी आणि फुले पाठवू नयेत. हळद लावू नये. अंगणात तुळस ठेवू नये. मिठावाचून भात शिजवू नये. पुरुषांनी पुडवे नेसू नये आणि बायकांनी चोळी घालू नये. ही यादी वाचताना आपल्या मनात संताप उसळतो, तो रास्तच आहे. परंतु ज्यांच्यावर ही कलमे बजावली गेली ते आरोपी कोण होते? ते बाप्तिस्मा घेतलेले गोमंतकीय होते. इन्क्विझिशनचा जाच हिंदूंनाही झाला, यात वाद नाही; पण तिची मुख्य अधिकारकक्षा ख्रिस्त्यांवर होती. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली १७७४ ते १७७८ ही चार वर्षे वगळता, या न्यायासनासमोर जे खेचले गेले त्यांत आपल्या शेजाऱ्याचे खापरपणजे मोठ्या संख्येने होते. १६८४ साली विसोरेईने तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला, तोही याच लोकांच्या जिभेवर घाव घालणारा होता. विशेष म्हणजे त्याच शतकाच्या प्रारंभी, १६१६ साली, रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले होते, आणि त्यात येशूच्या जन्माची कथा मराठी ओवीत सांगितली होती. जी ओवी १६१६ साली ख्रिस्तजन्मासाठी चालली, ती १७३६ साली ख्रिस्ती लग्नघरात गुन्हा ठरली.

यावरून या साऱ्या निर्बंधांचा रोख कशावर होता, ते दिसते. त्यांनी देवळे पाडली. पण देवळे पाडून झाल्यावरही दोन उंबरठ्यांमधली पायवाट शिल्लक उरत होती. तिच्यावरून फुले जात, विडे जात, हात उसने जात. १७३६ चे कलम त्या वाटेवर काटे टाकण्यासाठीच होते. आज त्या स्मृतीचा आदर म्हणून जो महाजन शेजाऱ्याच्या गोठ्याला हात लावू नको असे मुलाला बजावतो, तो नकळत त्याच कलमाची अंमलबजावणी करीत असतो. आणि वारसाहक्काच्या कायद्याने बोलायचे तर, पाडणाऱ्यांचे वारस लिस्बनला गेले. शेजारी राहिला तो आपलाच गोत्रज.

कुंकळ्ळीकरांना हे समजावून द्यावे लागत नाही. १५८३ साली त्या गावाने पाच जेझुइटांना ठार केले, आणि त्याच्या गावकऱ्यांना पोर्तुगीजांनी दग्याने मारले. तरीही कुंकळ्ळीकरीण शांतादुर्गेच्या सांत्रींच्या उत्सवात बारा वांगडांच्या छत्र्या निघतात तेव्हा ख्रिस्ती वांगडांचा मान कायम असतो. शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या तर लोकांच्या दृष्टीने सख्ख्या बहिणी. एकीच्या देवळातून दुसरीच्या फेस्ताला तेल जाते, दुसरीकडून मोगऱ्याची फुले येतात. गोठा मांडण्याची प्रथा तरी कोठे पोर्तुगीजांची आहे? असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी ती रूढ केली, आणि त्यात मध्यभागी बैल व गवत आहे. आमच्या शेतकरी आजीला त्या देखाव्यात परके वाटेल असे काय आहे?

कोंब मात्र वेळेवर यावे लागतात, घाई केली तर पिवळे पडतात. १९६१ साली भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला तो १९ डिसेंबरला, मंगळवारी. नाताळ त्यानंतर सहा दिवसांनी, सोमवारी आला. त्या वर्षी ज्या घरी दहाबारा दिवस आधी नाचणी पेरली गेली असेल, तेथे ती पेरली गेली पोर्तुगीज अमलात, आणि गोठ्यात मांडली गेली ती भारतात.