पाटण्याचा मठ आणि दातेरी चाके

धुळ्याहून रेल्वेच्या फाट्याने चाळीसगावला उतरले, की अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटणे नावाचे गाव लागते. तिथल्या देवीच्या मंदिरात एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला, आणि 'लीलावती' लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचे घराणे त्यातून उलगडले. भास्कराचार्यांचे वडील महेश्वर, मुलगा लक्ष्मीधर, नातू चांगदेव. हा चांगदेव यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी येथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दान दिले. दानाची तिथी श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाची, म्हणजे इ. स. १२०७ च्या ऑगस्टातली आहे.

लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे, पण शेवटच्या काही ओळी चक्क जुन्या मराठीत आहेत. आम्हाला त्याच अधिक मोलाच्या वाटतात. पाटण्याच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर राजाला मिळणारा कर मठाला द्यावा आणि जितके तेलाचे घाणे असतील तितक्या पळ्या तेल द्यावे, असे त्यांत नेमून दिले आहे. म्हणजे गणिताची शाळा गावच्या बाजारावर चालत होती! पैशाची बाब व्यापाऱ्यांना आणि तेल्यांना कळायला हवी, म्हणून ती त्यांच्या भाषेत कोरली असावी.

मठात काय शिकवले जात असेल? शिलालेखात 'सिद्धांतशिरोमणी'चे नाव आहे. तो ग्रंथ भास्कराचार्यांनी वयाच्या ३६ व्या वर्षी, शके १०७२ मध्ये (इ. स. ११५०) लिहिला आणि 'लीलावती' हा त्याचाच भाग मानला जातो. लीलावती ही त्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडून तिच्या लग्नाचा मुहूर्त चुकला, ही गोष्ट वर्गात हमखास सांगितली जाते. भास्कराचार्यांनी मात्र ती कुठेही लिहिलेली नाही. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये ग्रंथाचे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेतून ती आपल्यापर्यंत आली. गोष्ट जरूर सांगावी, पण ती कुठली हेही सांगावे.

हल्ली शाळाशाळांतून यंत्रमानव बनवणारे मुलांचे गट असतात. त्यांच्यापुढे आम्ही एक कोडे ठेवतो. १७ दात्यांचे मोठे चाक १५ दात्यांच्या लहान चाकात अडकवले आहे. दोन्हींच्या एकेका दात्यावर खडूची खूण आहे. मोठ्याची खूण आत्ता बरोबर जोडावर आहे, तर लहानाची खूण जोडावरून ५ दाते पुढे गेली आहे. मोठ्या चाकाच्या किती फेऱ्यांनंतर दोन्ही खुणा एकदम जोडावर येतील?

मुले पुठ्ठ्याची चाके फिरवून उत्तर काढतात. काढू द्यावे. मग फळ्यावर यावे. फेऱ्या क्ष असतील, तर लहान चाक आपल्या खुणेपासून १७क्ष + ५ दाते पुढे सरकलेले असते आणि या संख्येला १५ ने निःशेष भाग जायला हवा. १७ मधून १५ गेले, उरले २. म्हणजे आता २क्ष + ५ ला १५ ने भाग जातो का, एवढेच पाहायचे. क्ष = ५ घेतले की १५ येतात. ताळा: ५ फेऱ्यांत ८५ दाते, अधिक ५, एकूण ९०, म्हणजे लहान चाकाच्या नेमक्या ६ फेऱ्या. पुढे दर १५ फेऱ्यांनी, म्हणजे २० व्या, ३५ व्या फेरीला पुन्हा हाच योग.

संख्या कुटून कुटून बारीक करण्याची ही रीत म्हणजे कुट्टक. ती आर्यभटापासून (इ. स. ४९९) चालत आलेली. ग्रहांच्या फेऱ्यांचे हिशेब करताना ज्योतिषांना ती लागे. आमच्या कोड्यातले आकडेही 'लीलावती'तलेच आहेत. तिथे २२१ ला कशाने गुणून ६५ मिळवले असता १९५ ने भाग जाईल, असे विचारले आहे. तिन्ही संख्यांना १३ ने भागले, की १७, ५ आणि १५ उरतात.

आता चाके बदलू. मोठे १२ दात्यांचे, लहान ८ चे, लहानाची खूण ३ दाते पुढे. मुले फिरवत राहतात आणि खुणा काही भेटत नाहीत. १२ आणि ८ या दोघांना ४ ने भाग जातो, ३ ला जात नाही. चाक जन्मभर फिरवले तरी उपयोग नाही. भास्कराचार्यांनी ही अट उदाहरणे सोडवण्याआधीच सांगून ठेवली आहे. भाज्य आणि भाजक यांना ज्याने भाग जातो, त्याने मिळवायच्या संख्येला भाग जात नसेल, तर तो प्रश्नच 'दुष्ट' समजावा. आपल्या पाठ्यपुस्तकांत असे उदाहरण आले तर विद्यार्थी छपाईची चूक समजतो आणि शिक्षक ते गाळून पुढे जातात. यंत्रमानवाच्या गटात मात्र ते मुद्दाम द्यावे, आणि उत्तर न सांगता मुलांना चाके फिरवू द्यावीत. '३ च्या जागी किती दाते पुढे ठेवले तर खुणा भेटतील?' हे कोणी तरी आपणहून विचारतेच.