वेताळाच्या तोंडचे रक्त

१८७० साली रिचर्ड बर्टनने वेताळकथांच्या इंग्रजी रूपांतराला ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’ असे नाव दिले आणि वेताळाच्या तोंडाला रक्त लागले. वस्तुतः सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्या ‘वेताळपंचविशी’तील (१८३०) प्रेतवासी वेताळ राजाचे रक्त पीत नाही, प्रश्न विचारतो, अखेरीस कपटी योग्याचा डाव सांगून राजाचे प्राणही तोच वाचवतो. जपानी चित्रमालिका ‘व्हॅम्पायर प्रिन्सेस मियू’ने (१९८८) हा पाश्चात्त्य शब्द उसना घेतला खरा, पण मियूला जपानी लोककथेच्या वळणाच्या ‘शिन्मां’च्या, म्हणजे देव-दानवांच्या, गोतावळ्यात वसवले. आपण उलट केले. आम्ही बुलढाणा जिल्ह्यात शिकवतो. ‘वेताळ म्हणजे भारतीय ड्रॅक्युला’ असे वाक्य उत्तरपत्रिकांत भेटते. (‘ड्रॅक्युला’ तर १८९७ची!) दोष विद्यार्थ्यांचा नव्हे, छत्रे आम्ही त्यांना वाचायला दिलेच नाहीत.